वाटाड्या ग्रंथ आणि वाङ्मयाची वेस

१

ऋद्धिपूर हे अमरावती जिल्ह्यातील एक गाव. मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळात या एका गावासंबंधी तीन वेगवेगळ्या प्रकारचे ग्रंथ निर्माण झाले. म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्या आठवणी संकलित केल्या. त्या ‘ऋद्धिपूरलीळा’ किंवा ‘गोविंदप्रभुचरित्र’ या नावाने ओळखल्या जातात. नारायण व्यास बहाळिये यांनी ‘ऋद्धिपूरवर्णन’ हे ओवीबद्ध काव्य रचले आणि महानुभाव परंपरेने त्याला ‘साती ग्रंथां’त स्थान दिले. तिसरा ग्रंथ म्हणजे ‘स्थानपोथी’. चक्रधर आणि गोविंदप्रभू यांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने गावोगाव कोठे आहेत, याची ती नोंद आहे. अमुक देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूस कोणती जागा आहे, तेथून पुढचे स्थान कोणीकडे, असा तिच्या गद्याचा विषय आहे. 

एका संप्रदायाने, एका श्रद्धेपोटी आणि सुमारे एकाच कालखंडात निर्माण केलेल्या या तीन ग्रंथांची मराठी वाङ्मयेतिहासाने मात्र तीन ठिकाणी पाठवणी केली. काव्याला काव्येतिहासात जागा मिळाली. लीळांना, विशेषतः ‘लीळाचरित्रा’ला, मराठी गद्याच्या उगमाचा मान मिळाला. ‘स्थानपोथी’ची गणना ‘साधनां’त झाली. वि. भि. कोलते यांनी तिचे साक्षेपी संपादन केले, ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्राच्या धार्मिक भूगोलाच्या अभ्यासात तिचा उपयोग केला, पण तिच्या गद्याची गद्य म्हणून दखल घेण्याची गरज समीक्षेला क्वचितच वाटली. मूळ वाचकाच्या दृष्टीने हे तिन्ही ग्रंथ परस्परपूरक होते. चक्रधर आणि गोविंदप्रभू यांचे सान्निध्य अंतरल्यावर अनुयायांना उरले ते स्मरण. लीळेने कृतीचे स्मरण राखले, काव्याने महिम्याचे, आणि स्थानपोथीने जागेचे. यांपैकी एक ‘वाङ्मय’ आणि दुसरे ‘माहिती’ हा भेद त्या वाचकाला सुचलाही नसता.

हा भेद केव्हा आणि कशाच्या आधारे निर्माण झाला, आणि त्यामुळे मराठी समीक्षेच्या नजरेतून काय निसटले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. त्यासाठी वाटाड्याचे काम करणारे ग्रंथ, म्हणजे स्थलवर्णने, यात्राप्रबंध आणि प्रवासमार्गदर्शके, हा एकच वर्ग येथे विचारात घेतला आहे. ललित कादंबरीपासून हा वर्ग सर्वांत दूरचा मानला जातो. म्हणूनच वाङ्मयाची वेस कोठे आखली गेली, हे त्याच्या साहाय्याने अधिक स्पष्ट दिसते.

२

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठीत मुद्रित ग्रंथांची जी परंपरा सुरू झाली तिच्यात ही वेस जवळजवळ नव्हती. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीपासून ‘उपयुक्त ज्ञान’ हा ग्रंथनिर्मितीचा मुख्य हेतू होता. पुढे दक्षिणा फंडातून मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याची व्यवस्था झाली, तीही याच हेतूने. अशा वातावरणात कादंबरीलाही उपयुक्ततेचा वेष घेऊनच प्रवेश करावा लागला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी. तिचे नाव प्रवासाचे आहे आणि उपशीर्षक हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे ‘निरूपण’ करण्याचे आहे. यमुना आपल्या पतीसह गावोगाव जाते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दशा पाहते. कथानकाची सारी जोडणी प्रवासाच्या टप्प्यांनी होते. कादंबरीला स्वतःचा रूपबंध अद्याप सापडला नव्हता, तेव्हा तिने प्रवासवृत्ताचा रूपबंध उसना घेतला, असे म्हणता येईल.

सहा वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मोरोबा कान्होबांचा ‘घाशीराम कोतवाल’ही त्याच वर्षीचा. एक शहराचे वर्णन करणारा ग्रंथ, दुसरा कोतवालाच्या निमित्ताने किस्से आणि माहिती गुंफणारा. दोन्ही ग्रंथांत गोष्ट आणि माहिती एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. फरक असतो तो प्रमाणाचा. १८८५ मध्ये गणेश सदाशिव शास्त्री लेले त्र्यंबककर यांचा ‘तीर्थयात्राप्रबंध’ निघाला आणि १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. रमाबाईंच्या शीर्षकातच दोन वाङ्मयप्रकार ‘आणि’ने जोडले आहेत. लोकस्थिती सांगणे आणि प्रवास सांगणे ही एकाच लेखणीची कामे आहेत, असा त्यातील गृहीतार्थ आहे.

या काळातील वाचनव्यवहाराची संस्थात्मक बाजूही अशीच संमिश्र होती. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. त्या नोंदींत काव्य, कादंबरी, कायदा, वैद्यक, प्रवास असे विभाग एकमेकांच्या शेजारी बसत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा घेतला, त्यात ‘वाङ्मय’ या शब्दाचा अर्थ असाच विस्तृत होता. ठाणे (१८९३) आणि मुंबई (१८९८) येथे मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली, तीही मराठीत छापलेले सर्व काही जपण्याच्या आकांक्षेने. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे त्या व्यापक दृष्टीचे उशिरा आलेले, पण सर्वांत भरीव फळ. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तके नोंदवणाऱ्या तिच्या पहिल्या खंडात (१९४४) पाकशास्त्राच्या पुस्तकाला आणि खंडकाव्याला सारख्याच काळजीने नोंद मिळते. सूचिकाराला जे दिसले ते समीक्षकाला का दिसू नये, हा प्रश्न येथे उभा राहतो.

३

वेस आखली गेली ती टप्प्याटप्प्याने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४ पासून) शालोपयोगी, भाषांतरित गद्याच्या निस्तेजपणावर बोट ठेवले. ते त्या काळी आवश्यकच होते. मात्र त्यातून ‘उपयुक्त’ आणि ‘निस्तेज’ हे शब्द हळूहळू एकमेकांना चिकटत गेले. राजवाड्यांच्या ‘कादंबरी’ या निबंधाने (१९०२) एका वाङ्मयप्रकाराला स्वतंत्र तात्त्विक प्रतिष्ठा दिली. पुढे ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधना’ने (१९३१) आणि ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाने चर्चेचे केंद्र पूर्णतः ललित लेखनाकडे नेले. त्या वादात दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. वाद कथा, कादंबरी, नाटक आणि काव्य यांच्यापुरताच होता. जीवनासाठी कला म्हणणाऱ्यांनाही जीवनास थेट उपयोगी पडणारे पुस्तक चर्चेत घ्यावेसे वाटले नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने ‘लौकिक उपयोग’ हा घटक कलाविचारातून जवळजवळ बाद केला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्य ही संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवून लौकिकतावादी ध्रुवाला तात्त्विक आधार पुन्हा मिळवून दिला. तरीही हे दोन्ही ध्रुव ज्या क्षेत्रात मांडले गेले, ते क्षेत्र कलाकृतींचेच होते. वाटाड्या ग्रंथ त्या नकाशाबाहेर राहिला.

याचा प्रत्यक्ष परिणाम प्रवासवर्णनाच्या समीक्षेत दिसतो. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आणि पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) यांच्यानंतर प्रवासवर्णनाचे मूल्य प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वात शोधले जाऊ लागले. स्थळ हे निमित्त, पाहणारा मन महत्त्वाचे, हा निकष रूढ झाला. तो या पुस्तकांना न्याय देणारा होताच. पण त्याचा उलटा अर्थही प्रचलित झाला. ज्या पुस्तकात स्थळच महत्त्वाचे, ते ‘माहितीवजा’ ठरले, आणि ‘माहितीवजा’ हा शब्द वर्णन न राहता निकालवाचक बनला. मीना प्रभु यांच्या ‘माझं लंडन’सारख्या पुस्तकांचा वाचक त्यांतील निवेदकाच्या सहवासासाठी जसा आला, तसाच तेथे जाऊन काय आणि कसे पाहावे हे समजून घेण्यासाठीही आला. त्यांच्या लोकप्रियतेचा हा दुसरा अर्धा भाग व्यक्तित्वनिष्ठ निकषाच्या हाती लागत नाही.

४

वेशीबाहेरील ग्रंथांना आत घेण्याचे दोन मार्ग समीक्षेने आजवर वापरले. पहिला म्हणजे ग्रंथाला ललित म्हणून वाचणे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण बोलके आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत गेले आणि १८५७ च्या उठावात सापडले. त्यांचे हस्तलिखित चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात बरेच फेरफार केले. मूळ पाठ वाचकांपुढे येण्यास दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. झाशीच्या पाडावाचे प्रकरण कादंबरीसारखे वाचले जाते आणि ते तसे आहेही. पण कोठे किती दक्षिणा मिळाली, कोणत्या क्षेत्री कोणता विधी केला, वाट कशी होती, हे तपशील त्या गद्याचा कणा आहेत. भटजींना जगाची नोंद ठेवण्याची सवय याच तपशिलांनी लावली होती. झाशीतील दृश्य इतके नेमके उतरले, त्याचे श्रेय या सवयीला द्यावे लागते.

दुसरा मार्ग म्हणजे ग्रंथाला साधन म्हणून वाचणे. ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथाचे भाग्य हेच आहे. न. र. फाटकांनी संपादित केलेल्या आवृत्तीने (१९६१) आणि पुढे मुरली रंगनाथन यांच्या इंग्रजी अनुवादाने तो इतिहासाच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. पण यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. माडगावकरांचे पुस्तक मुंबई पाहणाऱ्याच्या उपयोगाचे राहिले नाही, तेव्हाच त्याला प्रतिष्ठा मिळाली, आणि तीही पुन्हा उपयोगामुळेच. शहर पाहणाऱ्याऐवजी शहराचा इतिहास लिहिणारा हा त्याचा नवा ग्राहक झाला. हा ग्रंथ रचला कसा गेला, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूला राहिला.

५

तो प्रश्न विचारला तर काय दिसते? येथे एका इंग्रजी पुस्तकाशी तुलना उपयोगी ठरेल. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशनसंस्थेने १८३६ पासून प्रवाशांसाठी हस्तपुस्तिका काढण्यास सुरुवात केली. हीच संस्था बायरनच्या काव्याची आणि जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ची प्रकाशक होती. युरोपवरील तिच्या हस्तपुस्तिकांत स्थळवर्णनाबरोबर बायरनच्या ओळी येत, म्हणजे काव्य आणि मार्गदर्शक यांचा संसार एकाच घरात चालत होता. १८५९ मध्ये, ज्या वर्षी या संस्थेने डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध केला त्याच वर्षी, ई. बी. ईस्टविक यांनी लिहिलेली हिंदुस्थानची हस्तपुस्तिका निघाली. तिचा एक भाग मुंबई इलाख्याचा होता. म्हणजे माडगावकरांच्या आधी चार वर्षे मुंबईचे एक मार्गदर्शक अस्तित्वात होते. पण त्यातील मुंबई ही बोटीतून उतरणाऱ्या परक्याची मुंबई आहे. उतरावे कोठे, नोकर कसा मिळवावा, पुढची वाट कोणती, ही त्याची क्रमवारी आहे. माडगावकरांचा वाचक मराठी जाणणारा आहे. त्याला बेटांचा पूर्वेतिहास, बाजार, देवळे, जत्रा, गिरण्या, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी, हे सारे आपल्या जगाचा विस्तार म्हणून समजून घ्यायचे आहे. एकाच शहराची ही दोन पुस्तके परस्परांपासून वेगळी होतात ती त्यांनी कल्पिलेल्या वाचकामुळे.

यातून वाटाड्या ग्रंथाच्या आस्वादाचा पहिला निकष हाती येतो: संबोधन. अशा ग्रंथातील प्रत्येक वाक्य कोणीतरी एका विशिष्ट जागी उभा आहे असे मानून लिहिलेले असते. कादंबरीकार पात्र कल्पितो, वाटाड्या लेखक वाचकाला कल्पितो. तो कोठून येणार, त्याला काय ठाऊक असणार, तो कोठे चुकणार, हे त्याला आधी दिसावे लागते. दुसरा निकष क्रमाचा. ‘स्थानपोथी’चा क्रम हा चालण्याचा क्रम आहे. एका स्थानाचे वर्णन जेथे संपते तेथून पुढच्या स्थानाची दिशा सुरू होते. वाक्याची रचना आणि पावलांची रचना एक होते, आणि तिच्या गद्याची आटोपशीर लय याच एकरूपतेतून येते. तिसरा निकष उत्तरदायित्वाचा. ललित वाक्याला खोटे ठरवण्यासाठी कोणी घराबाहेर पडत नाही. वाटाड्या ग्रंथातील वाक्य मात्र वाचक पायांनी तपासतो. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकातील वाक्य चुकले तर वाचक सह्याद्रीतील एखाद्या कड्यावर रात्र काढील. शब्दावर एवढा भार असलेले गद्य काटकसरीचे होते, विशेषणांबाबत सावध होते, आणि ‘डावीकडे’, ‘खिंडीपर्यंत’, ‘पाण्याच्या टाक्याजवळ’ अशा साध्या शब्दांना विलक्षण किंमत येते.

या निकषांवर अनेक पुस्तके नापासही होतील, हे स्पष्ट केले पाहिजे. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरवलेली क्षेत्रमाहात्म्ये, कोठेही न जाता रचलेली स्थळसूची, सर्वच ठिकाणांना ‘निसर्गरम्य’ म्हणणारी पुस्तके यांना वाचक दिसलेला नसतो, वाटही दिसलेली नसते. सर्व पुस्तके सारखीच चांगली, असा येथे दावा नाही. उलट, ज्या वर्गाला समीक्षा कधी लावलीच नाही, त्यातील बरेवाईट ओळखण्याची सोयही आपण ठेवलेली नाही, हा आक्षेप आहे.

६

यावर असा प्रतिवाद संभवतो की, या न्यायाने उद्या रेल्वेचे वेळापत्रकही वाङ्मय ठरेल. हा प्रतिवाद दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत करतो. एखादा ग्रंथ ललित आहे काय, हा एक प्रश्न. तो भाषेची रचना म्हणून समीक्षेस पात्र आहे काय, हा दुसरा. वेळापत्रकात वाक्ये नाहीत, संबोधन नाही. तेथे समीक्षेला धरायला काही मिळत नाही. ‘स्थानपोथी’त आणि ‘मुंबईचे वर्णन’मध्ये ते आहे. त्यांना ललित ठरवण्याची आवश्यकता नाही. ते जे करू पाहतात ते भाषेच्या साहाय्याने कसे करतात, एवढे पाहणे पुरेसे आहे. संस्कृत परंपरेतून आलेला ‘वाङ्मय’ हा शब्द वाणीने घडलेल्या सर्वस्वाला कवेत घेणारा होता. आपण ‘वाङ्मय’ म्हणत राहिलो आणि अर्थ मात्र ‘ललित’चा घेत राहिलो.

याचा तोटा केवळ वाटाड्या ग्रंथांना झाला असे नाही. ललित कृतींचे वाचनही त्यामुळे उणे राहिले. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ची (इंग्रजी, १९७६) रचना पाहावी. बसने आगमन, देवळांमागून देवळे, पुजारी, आणि शेवटी रेल्वे स्थानक. हा एका दिवसाच्या क्षेत्रयात्रेचा आराखडा आहे, आणि क्षेत्रवर्णनांच्या पुस्तिका तोच वापरतात. कोलटकरांचा उपरोध या आराखड्याच्या पार्श्वभूमीवरच उमटतो. प्रत्येक ठिकाणी काय पाहावे आणि काय वाटावे हे ठरलेले असताना, पाहणाऱ्याला भलतेच काही दिसते. द. बा. मोकाशी यांची ‘पालखी’ (१९६४) मुक्कामांच्या क्रमाने चालते, तेव्हा तिच्यामागेही वारीच्या वाटेचे हे पारंपरिक ज्ञान असते. ज्या वाचकाने वाटाड्या ग्रंथ कधी गांभीर्याने वाचला नाही, त्याला या कृतींनी काय घेतले आणि काय मोडले, हे पुरते कळणार नाही.

शेवटचा मुद्दा जतनाचा आहे. कादंबरी जुनी झाली म्हणून कोणी टाकून देत नाही. मार्गदर्शकाची नवी आवृत्ती आली की जुनी प्रत निरुपयोगी ठरते, आणि ग्रंथालयाच्या फडताळातून निघणाऱ्या पहिल्या पुस्तकांत तिचा क्रमांक लागतो. मराठीच्या व्यावहारिक गद्याचा एक मोठा थर अशा रीतीने नष्ट होत असतो. वाटा, टप्पे, पाणवठे, मुक्काम, बाजार यांची नावे आणि त्यांच्याभोवतीची क्रियापदे त्याबरोबर जातात. ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले ते २०२४ मध्ये. म्हाइंभटांच्या लीळा आणि बहाळियांचे काव्य तेथे शिकवले जाईल यात शंका नाही. त्या दोहोंच्या शेजारी, त्याच गावाच्या वाटा सांगणाऱ्या पोथीचे गद्यही गद्य म्हणून अभ्यासले गेले, तर मराठी गद्याच्या आरंभाचे आपले चित्र निश्चितच बदलेल.